हातच्याची वजाबाकी

तालमीच्या माळ्यावर, मंगळवारी आणि शुक्रवारी,
साडेसहा ते आठ.
खाली पोरं एकमेकांना आपटतात तेव्हा
वर फळ्या हलतात, पेन्सिली घरंगळतात.
सगळ्या दक्षिणेला. माळाच तसा कललाय.

मी शिक्षिका नाही. उद्यमनगरात
एका फौंड्रीची आवक-जावक लिहिते,
बोटांना बिलबुकाचा निळा कार्बन घेऊन येते इथं.
आठ मुलं असतात, कधी पाच,
लग्नसराईत दोन; बाकीची वाढायला जातात.

हर्षवर्धन मारुती सातपुते, इयत्ता पाचवी.
नावात दोन रफार,
दोन्ही तो घरी ठेवून येतो.
सुभाषनगरात त्याची आई चपलांच्या वेण्या वळते,
जोडावर पैसे.
त्याच्या दप्तराला चामड्याचा वास आहे,
शेंगतेलाचा, थोडा बाभळीच्या सालीचा.
शाळेत त्याच्या बाकावर दुसरं कुणी बसत नाही,
हे त्यानं सांगितलं नाही. मला कळलं.

वहीत: बेचाळीस वजा सतरा, पस्तीस. फुली.
एकसष्ट वजा अठ्ठावीस, सत्तेचाळीस. फुली.
असं पानभर.
वर्गात बावन्न पोरं, फुल्या मारण्यातच तास सरत असेल,
बाईंना मी बोल लावत नाही.

मी विचारलं, कसं केलंस?

तो दचकला.
किती झालं हे त्याला सगळ्यांनी विचारलं होतं,
कसं केलंस हे पहिल्यांदाच.
‘सातातनं दोन गेलं, पाच.
दोनातनं सात कसं जाईल, ताई?
मोठ्यातनंच लहान जातंय की.’

म्हणजे नियम होता.
पानभर तो चुकला होता तो
एकाच नियमाला धरून, न ढळता.

मी म्हटलं, मग शेजारून एक हातचा मागायचा.
त्यानं पेन्सिल खाली ठेवली.
‘आईनं शप्पत घातलीया.
शेजारी उसनं मागायचं न्हाई.
मागल्या साली मागितलं तर वैनी चारचौघांत बोलली.’

पेन्सिल दक्षिणेला निघाली.
सोळा वर्षं मी नावे आणि जमा लिहितेय,
वजाबाकीच्या आड अब्रू येत असेल
असं कधी मनात आलं नव्हतं.
खाली कुणीतरी चीत झालं. धप्प.

‘बरं, दहाची नोट घेऊन सुट्टं आणायला जातोस,
ते उसनं असतं का रे?’
‘छ्या! ते आपलंच असतंय.’
‘मग हा चार बघ. चार नोटा. तुझ्याच खिशातल्या.
एक मोड.’

तो चाराकडं बघत बसला बराच वेळ.
मग त्याच्या डोक्यावर बारीक तीन काढला,
दुखू नये इतक्या हलक्या हातानं.
बारातनं सात. बोटं. पाच.
पंचवीस.
माझ्याकडं बघितलंच नाही,
वरच्या पानावर जाऊन फुल्या खोडायला लागला.
लाल शाई रबरानं जात नाही. पान फाटलं.

दिवाळीनंतरच्या चाचणीत वीसपैकी अकरा.
अकराच.
एक रफार परत आला, चुकीच्या अक्षरावर.

परवा तो आईची वही घेऊन आला, व्यापाऱ्याच्या अक्षरातली:
इतके जोड, खोट म्हणून इतके परत, उचल वजा.
दोन पानं त्यानं एकट्यानं उलगडली,
कितीतरी नोटा मोडल्या.
‘बरोबर हाय, ताई. शेठनं बरोबर धरलंय.
आई म्हणाली, आजवर उगंचच शिव्या घातल्या म्हणायच्या.’

वजाबाकी बरोबरच होती.
मी जोडाचा दर वाचला, गप्प राहिले.
त्यानंही तो वाचला होता.
‘दर कोण ठरवतंय, ताई?
ते कुठल्या धड्यात हाय?’

मी पुस्तकाची पानं उलटत राहिले.